शेकडो कांड्या, एक प्रतिमा

१८९१ साली व्हिएन्नाच्या झिगमुंड एक्स्नर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचं कीटकांच्या आणि कवचधारी जलचरांच्या डोळ्यांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात एक छायाचित्र आहे. एक्स्नरने काजव्याच्या डोळ्यामागचा सगळा भाग काढून टाकला आणि उरलेल्या पारदर्शक टोपणातून एका खिडकीचं दृश्य टिपलं. तावदानावरचं ‘आर’ हे रोमन अक्षर त्यात वाचता येतं, पलीकडचं चर्चही ओळखू येतं. चित्र धूसर आहे, पण सुलट आहे, आणि नवल त्याचंच. कॅमेऱ्याचं भिंग असो की माणसाचा डोळा, दोघेही आतल्या पडद्यावर जगाची प्रतिमा उलटी पाडतात. काजव्याच्या डोळ्यात तर एक भिंग नाहीच, बारीक नळकांड्यांची दाटी आहे. त्या सगळ्यांनी मिळून एकच प्रतिमा पाडली होती, तीही सरळ.

एक्स्नरने याचा उलगडा असा केला. प्रत्येक नळकांडं गाभ्यात दाट असतं आणि कडेकडे विरळ होत जातं. प्रकाश दाट भागाकडे वळतो, म्हणून बाहेरून फुगवटा नसतानाही ते नळकांडं भिंगाचं काम करतं. आत शिरलेला किरण अक्षाकडे वळतो, अक्ष ओलांडतो आणि बाहेर पडताना आला त्याच बाजूला परत वळतो. शेजारची नळकांडीही तेच करतात, आणि एका बिंदूपासून निघालेले किरण वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा एकाच बिंदूवर येतात. जीवशास्त्रज्ञांनी पुढे बराच काळ या उलगड्यावर शंका घेतली. १९७१ साली पतंगाच्या डोळ्यातल्या शंकूंमध्ये असा दाट-विरळपणा खरोखर असल्याचा पुरावा कुन्झे आणि हाउसेन यांनी ‘नेचर’मध्ये मांडला, तेव्हा एक्स्नरचं म्हणणं पुन्हा उभं राहिलं.

नेमक्या त्याच सुमारास जपानमधली एक काच कंपनी हीच रचना काचेत उतरवत होती. तिथले अभियंते काजव्याकडे बघून निघाले नव्हते. त्यांना टेलिफोनची संभाषणं प्रकाशातून पाठवायची होती.

कल्पना मात्र जुनी होती. ज्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं प्रमाण, आत सतत बदलत जातो अशा गोलाचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५४ सालीच मांडलं होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट वुड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिलेटिनच्या वड्या करून दाखवल्या. दोन्ही तोंडं सपाट, तरीही प्रकाश एका जागी आणणाऱ्या. १९५१ साली सोव्हिएत संघात मिकाएलियन यांनी असा अपवर्तनांक गाभ्यापासून कडेपर्यंत नेमका कसा उतरला पाहिजे याचं सूत्र काढलं. ते सूत्र अक्षाला छेदत जाणाऱ्या किरणांना चोख लागू पडतं. स्क्रूच्या आट्यांसारख्या मार्गाने जाणाऱ्या किरणांना मात्र थोडा वेगळा उतार लागतो. दोघांचंही पूर्ण समाधान करणारा उतार गणितातच नाही, मग काचेत कुठून येणार? ही तडजोड या कहाणीत पहिल्या दिवसापासून आहे.

१९६०च्या दशकात लेसर आला आणि प्रकाश दूरवर कसा न्यायचा हा प्रश्न ऐरणीवर आला. तोहोकु विद्यापीठात जुन-इची निशिझावा यांनी १९६४ साली गाभ्यात दाट, कडेला विरळ अशा तंतूची कल्पना पुढे आणली. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत स्ट्यूअर्ट मिलर यांनी १९६५ साली अशा माध्यमातल्या प्रकाशाचं गणित मांडलं. १९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ यांनी सांगितलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर तंतूतून दूरसंचार शक्य आहे. आणि १९६८ साली निप्पॉन शीट ग्लास आणि निप्पॉन इलेक्ट्रिक या दोन जपानी कंपन्यांनी एकत्र येऊन ‘सेल्फॉक’ नावाची अशी काच जाहीर केली. काचेच्या बाजूने इचिरो कितानो आणि त्यांचे सहकारी होते, प्रकाशसंचाराच्या बाजूने तेइजी उचिदा आणि त्यांचे. काच कशी घडवली हे कितानो यांच्या लेखात, ती प्रकाश कसा नेते हे उचिदा यांच्या लेखात, अशी दोघांनी वाटणी केलेली दिसते.

घडवण्याची ही रीत जवळून पाहण्यासारखी आहे. काचेत आधी थॅलियम मिसळलेलं असायचं. थॅलियम विषारी, हाताळायला अवघड, पण काचेचा अपवर्तनांक चांगला वाढवणारं. अशा काचेची बारीक कांडी ओढायची आणि वितळलेल्या सोऱ्यात बुडवून ठेवायची. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. काच मऊ होऊन वाकडी होणार नाही, पण तिच्यातले आयन हलू लागतील, एवढंच तापमान ठेवायचं. काचेतलं थॅलियम हळूहळू बाहेर झिरपतं आणि त्याच्या जागी पोटॅशियम आत शिरतं. कडेचं थॅलियम आधी जातं, गाभ्यातलं बरंचसं राहतं. म्हणून गाभा दाट, कड विरळ. अपवर्तनांकातला हा फरक काही शतांशांचाच असतो. घाई करून चालत नाही, कारण आयन झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कांडी दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट. उतार नेमका हवा तसा झाला, की कांडी बाहेर काढायची. थोडी आधी काढली तर गाभ्याजवळचा उतार अपुरा, उशिरा काढली तर सगळाच उतार सपाट. पुढच्या सगळ्या अचूकतेचं मूळ या सोऱ्याच्या कुंडात आहे, असं मला ठाम वाटतं. १९६९ साली बेल प्रयोगशाळेतही आयन बदलण्याच्या याच मार्गाने अशी कांडी तयार झाली.

दूरसंचाराची शर्यत मात्र सेल्फॉकने गमावली. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी प्रकाशाचा क्षय किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी असलेला तंतू काढला. काओ यांनी उपयोगी तंतूसाठी आखलेली रेषा तीच होती. तो तंतू जवळजवळ शुद्ध सिलिकाचा, वायूतून थर चढवून केलेला. अनेक घटकांची काच वितळवून केलेली सेल्फॉक त्या शुद्धतेशी बरोबरी करू शकत नव्हती. गाभ्यात दाट, कडेला विरळ हे तत्त्व पुढे तंतूंमध्ये टिकलं, पण सोऱ्यात बुडवलेली काच त्या वाटेने गेली नाही.

किलोमीटरभर जायचं असेल तर क्षय घात करतो, पण काही सेंटीमीटरच जायचं असेल तर त्याला कोण विचारतो? निप्पॉन शीट ग्लासने कांड्या आखूड कापल्या आणि त्यांची भिंगं केली. अशा कांडीत किरण नागमोडी जातो: अक्षाकडे येतो, ओलांडतो, दुसऱ्या कडेजवळून वळून परत येतो. या एका पूर्ण वळणाची लांबी काचेवर ठरते. चतुर्थांश वळणावर कांडी कापली तर बिंदूपासून निघालेला प्रकाश समांतर होऊन बाहेर पडतो. अर्ध्या वळणावर कापली तर उलटी प्रतिमा मिळते. आणि अर्ध्याहून थोडी लांब ठेवली, तर कांडीच्या मध्यभागी एक उलटी प्रतिमा तयार होते आणि बाहेर पडताना ती पुन्हा उलटून सुलट होते, मूळ आकाराएवढीच. काजव्याच्या डोळ्यातला खेळ हाच. अशा कांड्या ओळीने रचल्या, की प्रत्येक कांडी आपल्यासमोरचा तुकडा जसाच्या तसा पलीकडे उतरवते, शेजारणीच्या तुकड्यावर आपला तुकडा चढवते आणि सगळे तुकडे जुळून अखंड ओळ तयार होते.

याची गरज कोणाला होती? कागदाची नक्कल काढणाऱ्या यंत्रांना. नेहमीच्या भिंगाने मूळ आकाराची प्रतिमा पाडायची तर कागद आणि पडदा यांच्यातलं अंतर भिंगाच्या नाभीय अंतराच्या चौपट लागतं. ए-फोर कागदाची पूर्ण रुंदी नीट पकडणाऱ्या भिंगासाठी हे अंतर मीटरभराच्या घरात जातं. ते आरशांनी दुमडून यंत्रात बसवावं लागे. १९५९ साली आलेलं झेरॉक्स कंपनीचं ९१४ हे यंत्र तीनशे किलोंच्या आसपास वजनाचं, टेबलाएवढं होतं. त्याचं सगळं वजन भिंगामुळे नव्हतं, पण प्रकाशाची लांब वाट असेपर्यंत यंत्र एका मर्यादेपलीकडे लहान होणार नव्हतं. कांड्यांच्या ओळीने ती वाट काही सेंटीमीटरवर आणली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अशा ओळी छोट्या कॉपिअरमध्ये बसू लागल्या. आतलं भिंग जागेवर आणि वरची काच कागदासकट डावीउजवीकडे सरकते, अशी यंत्रं आपल्याकडे कोर्टाबाहेरच्या आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्यांच्या टपऱ्यांतही पुढे दिसली.

इथून अचूकतेची खरी कहाणी सुरू होते, आणि ती भिंगांच्या नेहमीच्या इतिहासापेक्षा वेगळी आहे. दुर्बिणीचा, सूक्ष्मदर्शकाचा किंवा कॅमेऱ्याचा इतिहास म्हणजे एक भिंग अधिकाधिक उत्तम करत नेण्याचा इतिहास. इथे एकटी कांडी साधारणच असते. चांगल्या कॅमेऱ्याच्या भिंगापुढे तिचा टिकाव लागणार नाही. पण ए-फोरहून किंचित जास्त रुंदीत, म्हणजे २१६ मिलिमीटरमध्ये, ०.६ मिलिमीटर जाडीच्या ३६० कांड्या एका ओळीत बसतात, आणि ओळी सहसा दोन असतात. सातशेहून जास्त कांड्यांनी एकच प्रतिमा पाडायची आहे. दिंडीत एखादा टाळकरी फार कसबी असून भागत नाही. सगळ्यांचे टाळ एका ठेक्यावर पडले पाहिजेत. इथेही प्रत्येक कांडी किती चांगली आहे यापेक्षा सगळ्या किती सारख्या आहेत यावर प्रतिमेचा कस ठरतो.

पहिली तक्रार आली ती उजेडाची. एका कांडीतून पडणारा प्रकाश मध्यभागी जास्त आणि कडेला कमी असतो. नुसती एक ओळ ठेवली तर कागदावर उजेडाच्या बारीक लाटा उमटतात: कांडीसमोर उजळ, दोन कांड्यांमध्ये मंद. कॉपिअरमध्ये कागद सरकत असतो, त्यामुळे ही लाट पानभर उभ्या पट्ट्या ओढते. १९८० साली झेरॉक्स कंपनीच्या रीस आणि लामा यांनी या उजेडाचं गणित ‘अप्लाइड ऑप्टिक्स’मध्ये मांडलं. एका कांडीचं दृष्टिक्षेत्र शेजारच्या किती कांड्यांवर पसरतं, यावर लाटेची उंची अवलंबून असते. क्षेत्र जेवढं जास्त पसरेल तेवढ्या लाटा एकंदरीत बुजतात. पण सरळ रेषेत नव्हे: काही ठरावीक गुणोत्तरांना लाट जवळजवळ नाहीशी होते, त्यांच्या मधल्या गुणोत्तरांना पुन्हा डोकं वर काढते. म्हणून कांडीची जाडी आणि तिचं क्षेत्र मनाला येईल तसं निवडता येत नाही. दुसरी ओळ पहिलीच्या खाचांमध्ये बसवण्याचंही कारण हेच. एकीचा उजेड जिथे मंद, तिथे दुसरीचा उजळ.

दुसरी गोष्ट प्रतिमेच्या जागेची, आणि ती मला सगळ्यात मोहक वाटते. समजा, एक कांडी ओळीत थोडी बाजूला सरकली. प्रतिमाही सरकेल? नाही. प्रतिमा सुलट आणि मूळ आकाराचीच असल्यामुळे कांडी कुठे उभी आहे याने बिंदूची जागा बदलत नाही. साध्या भिंगात, जिथे प्रतिमा उलटी असते, तिथे भिंग एका मायक्रॉनने सरकलं तर मूळ आकाराची प्रतिमा दोन मायक्रॉन सरकते. इथे शून्य. कांड्यांच्या जागेतल्या बारीक चुका ही रचना पूर्णपणे माफ करते. रचणाऱ्या कामगाराला मिळालेली ही केवढी मोठी सवलत!

कल मात्र ही रचना अजिबात माफ करत नाही. कांडी वाकडी उभी राहिली, तर कागदापासून प्रतिमेपर्यंतचं एकूण अंतर गुणिले तो कोन, एवढी प्रतिमा बाजूला जाते. अंतर ६० मिलिमीटर असेल आणि कल अंशाचा एक दशांश, तर प्रतिमा १०५ मायक्रॉन सरकते. मिलिमीटरला आठ बिंदू वाचणाऱ्या यंत्रात एक बिंदू १२५ मायक्रॉनचा, तिथे हे कसंबसं खपून जाईल. इंचाला ६०० बिंदू वाचायचे तर एक बिंदू ४२ मायक्रॉनचा. तिथे हीच चूक अडीच बिंदूंची होते. अंतर १० मिलिमीटरवर आणलं तर तोच कल फक्त १७ मायक्रॉनची चूक करतो. यंत्र लहान करण्याच्या हट्टाने अचूकतेलाही हात दिला, तो असा.

कल तरी सगळे सारखे नसतात. सगळ्या कांड्या एकाच दिशेला सारख्या कलल्या तर अख्खी प्रतिमा सरकते आणि कोणाला कळतही नाही. शेजारच्या दोन कांड्या वेगवेगळ्या दिशांना कलल्या तर एकाच रेषेच्या दोन रेषा होतात आणि अक्षर धुरकटतं. कल हळूहळू बदलत गेला तर अक्षर स्वच्छ राहतं, पण ओळ ताणली जाते किंवा वाकते. कांडी एका टोकाला किंचित जाड असेल, तर हे अगदी गुपचूप घडतं. १५ मिलिमीटर लांबीच्या कांडीच्या दोन टोकांच्या जाडीत २ मायक्रॉनचाच फरक धरू. एकीला एक खेटून, सगळ्यांची जाड टोकं एकाच बाजूला अशा पन्नास कांड्या लावल्या, की पहिली आणि पन्नासावी यांच्यात अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कोन पडतो. ओळ पंख्यासारखी उघडते. उपाय दोनच: कांड्या ओढतानाच जाडी काटेकोर सांभाळायची, किंवा कांड्यांना एकमेकींच्या भरवशावर न सोडता नेमक्या खोबणी कापलेल्या साच्यात बसवायचं. मग वरखाली काचतंतूंनी मजबूत केलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, मधल्या फटींत काळं सिलिकोन, आणि सगळं घट्ट झाल्यावर दोन्ही तोंडं एकदम घासून, चमकवून काढायची.

शेवटच्या त्या घासण्यात आणखी एक दुरुस्ती दडलेली आहे. सोऱ्याच्या कुंडातून निघालेल्या प्रत्येक खेपेचा उतार थोडा वेगळा असतो, म्हणून नागमोडी वळणाची लांबीही वेगळी. लांबी चुकली, की प्रतिमा नेमकी मूळ आकाराची राहत नाही. एक टक्क्याचा फरक क्षुल्लक वाटेल. पण दोन कांड्यांच्या मधोमध असलेला बिंदू एकीच्या अक्षापासून एक मिलिमीटर डावीकडे आणि दुसरीच्या अक्षापासून एक मिलिमीटर उजवीकडे असेल, तर एक त्याला १० मायक्रॉन इकडे ढकलते, दुसरी १० मायक्रॉन तिकडे. एकाच बिंदूचे दोन बिंदू, २० मायक्रॉन अंतरावर. म्हणून खेपेचा उतार मोजायचा आणि त्याप्रमाणे कांडीची लांबी ठरवून कापायची. शेवटी काळ्या-पांढऱ्या रेषांची बारीक जाळी समोर धरून पलीकडे काळं-पांढरं किती वेगळं उमटतं ते मोजायचं. या धंद्यात भिंगओळीची पत त्या आकड्याने ठरते.

कडेचा भाग कुठल्याच सूत्रात नीट बसत नव्हता. आयन झिरपताना गाभ्याजवळचा उतार मनासारखा होतो, पण अगदी कडेला तो आदर्श वळणापासून सुटतो. तिथून येणारा प्रकाश प्रतिमा गढूळ करतो, आणि कांडीच्या बाजूवर आपटून परतणारा भटका प्रकाश काळ्या अक्षरांना राखाडी करतो. कडेचा थर प्रकाश शोषणारा करायचा, त्यासाठी कोबाल्टसारख्या धातूने रंगवलेली काच भोवती घालायची, आणि कांडीची बाजू आम्लाने खरबरीत करायची, असे उपाय निघाले. वाईट भाग सुधारत बसण्यापेक्षा त्याला आंधळा करून टाकणं हा इथे जास्त शहाणा मार्ग ठरला. थोडा प्रकाश गेला, पण काळं काळं झालं.

१९८० साली फॅक्सचं तिसऱ्या गटाचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं: २१५ मिलिमीटरच्या ओळीत १७२८ बिंदू, पानाला साधारण एक मिनिट. कांजी लिपीमुळे टेलेक्स ज्या जपानला कधीच सोयीचं नव्हतं, तिथे फॅक्स झपाट्याने पसरू लागला. तोवर फॅक्स यंत्रात इंचभर लांबीची संवेदक चीप असे, आणि पानभर रुंदीची प्रतिमा भिंगाने लहान करून तिच्यावर पाडावी लागे. म्हणजे पुन्हा लांब वाट, पुन्हा आरसे. संवेदकच पानाएवढा रुंद केला आणि त्याच्यापुढे कांड्यांची ओळ ठेवली, तर सगळं एका बोटभर जाडीच्या पट्टीत मावणार होतं. पानाएवढा संवेदक करायला काचेवर पातळ थरात बसणारं सिलिकॉन हाताशी होतं; डंडी विद्यापीठात स्पिअर आणि लकोंबर यांनी १९७५ साली त्याला कामाचं करून दाखवलं होतं. पुढे छोट्या सिलिकॉन चिपा एका रांगेत डकवण्याची पद्धत रूढ झाली. दिवे, कांड्यांची ओळ आणि संवेदक एकाच पट्टीत, असा हा घटक. आपल्याकडे नव्वदच्या दशकात एसटीडी-पीसीओच्या बूथवर फॅक्स करून देत, तेव्हा फॅक्स यंत्रांच्या जगात हा बदल चालूच होता.

संवेदक आल्याने अचूकतेची वाटणीच बदलली. कॉपिअरमध्ये प्रतिमा ज्या ड्रमवर पडते, त्याला जो उजेड मिळेल तो मुकाट्याने घ्यावा लागे. संवेदकाला आधी एक कोरी पांढरी पट्टी दाखवता येते. प्रत्येक बिंदूला किती उजेड मिळाला हे यंत्र टिपून ठेवतं आणि पुढच्या प्रत्येक ओळीला त्या हिशेबाने गुणतं. उजेडाच्या ज्या लाटांवर १९८० साली गणितं मांडली गेली, त्या अशा वजाबाकी-भागाकाराने बऱ्याच अंशी पुसता आल्या. पण धूसरपणा भागाकाराने जात नाही. एकमेकांत मिसळलेल्या दोन रेषा नंतर सुट्या करणं फार अवघड. त्यामुळे भिंग घडवणाऱ्यांचं लक्ष उजेडाच्या सारखेपणाकडून कल, लांबी आणि जाडी यांच्या सारखेपणाकडे वळलं. रंग आले तेव्हा आणखी एक भर पडली. लाल, हिरवा, निळा दिवा एकामागून एक लावून पान वाचायचं, तर तिन्ही रंगांचं नागमोडी वळण सारख्या लांबीचं नसतं. लालची प्रतिमा जिथे स्वच्छ, तिथे निळीची किंचित धूसर. रंगांतलं हे अंतर कमी ठेवणारी काच निवडणं हे तेव्हापासून मोठं काम होऊन बसलं.

काचेला प्रतिस्पर्धीही आला. केइओ विद्यापीठातले यासुजी ओत्सुका यांनी १९७३ साली प्लास्टिकच्या अशाच कांडीवर शोधनिबंध लिहिला होता, आणि मित्सुबिशी रेयॉन कंपनीने पुढे प्लास्टिकच्या कांड्यांच्या ओळी बाजारात आणल्या. प्लास्टिक ओढायला सोपं आणि स्वस्त, पण उष्णतेने जास्त फुगणारं. दुसरीकडे ओकी कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी एलईडी प्रिंटर आणला. त्यात भिंगओळीचं काम उलटं: कागदाकडून संवेदकाकडे नव्हे, तर हजारो बारीक दिव्यांकडून ड्रमकडे. चूक तिथे लपत नाही, छापून हातात येते.

२०००च्या सुमारास कॅननचे यूएसबीच्या तारेवरच चालणारे चपटे स्कॅनर घराघरांत गेले, तेही याच पट्टीवर. आपल्या बँकांनाही ती परिचयाची आहे. रिझर्व्ह बँकेने चेकऐवजी चेकची प्रतिमा पाठवण्याची पद्धत २००८ साली दिल्लीत सुरू केली आणि २०१३च्या एप्रिलमध्ये मुंबईत आणली. काउंटरवरच्या अनेक चेक-स्कॅनरांमध्ये कांड्यांची अशीच ओळ चेकच्या दोन्ही बाजूंना असते आणि चेक मधून वेगाने सरकतो. कागद जागच्या शाखेत राहतो आणि सहीची खात्री प्रतिमेवरून होते, तेव्हा त्या ओळीतली एखादी कलती कांडी ही नुसती तांत्रिक बाब राहत नाही.

एक उणीव आजही आहे, आणि ती कारागिरीने जाणारी नाही. अंतर आखूड, प्रकाश घेण्याचा कोन मोठा, म्हणून स्वच्छ दिसण्याची खोली फार थोडी. अक्षापासून १२ अंशांपर्यंत प्रकाश घेणाऱ्या कांडीपुढून कागद अर्धा मिलिमीटर उचलला गेला, तर एका बिंदूचा जवळजवळ ०.२ मिलिमीटरचा ठिपका होतो. इंचाला ६०० बिंदूंच्या हिशेबात तो पाच बिंदूंएवढा. जाड पुस्तकाच्या बांधणीजवळचा मजकूर अशा स्कॅनरवर पुसट येतो तो यामुळे. रुमालात घड्या घालून ठेवलेली मोडी कागदपत्रं, जुन्या पोथ्या, उंचसखल झालेली पानं अशा काचेवर दाबून धरू नयेत. त्यांच्यासाठी वरून टिपणारा कॅमेराच हवा, मग तो कितीही जागा खावो. कोन निम्मा केला तर खोली दुप्पट होईल, पण उजेड साधारण चौथाईवर येईल. मग दिवे प्रखर करा, नाहीतर पान हळू वाचा. सपाट पानासाठी बांधलेल्या यंत्रात अभियंते बहुतेक वेळा वेगाच्या बाजूने निवड करतात, आणि चेकच्या बाबतीत ती योग्यच आहे. दप्तरखान्यातल्या कागदांच्या बाबतीत ती निवड आपण करायची असते, स्कॅनर विकत घेण्याआधी.